दुसरी फेरी

आरोग्य केंद्राच्या मागच्या मोकळ्या जागेत बस उलटली आहे, असं सगळ्यांनी धरून चालायचं होतं. बस कुठेच नव्हती. तिच्याऐवजी शाळेतून आणलेली दोन बाकं आडवी पाडून ठेवली होती आणि त्यांच्या आजूबाजूला गावातली चांगली धडधाकट माणसं जखमी होण्यासाठी चटया पसरून बसली होती. कुणी पाण्याची बाटली आणली होती, कुणी उशी. शिंपीकाका तर चादरसुद्धा घेऊन आले होते. दुपारची डुलकी चुकायला नको, असं त्यांचं म्हणणं.

सिस्टरला हे असलं चालत नसे. तिच्या हाताखाली काम केलेली माणसं सांगत, की या बाईला हसवायचं असेल तर आधी हात साबणानं धुऊन यावं लागतं. पण आज तीही गप्प बसली. माणसं आली हेच खूप होतं. डोंगरातून उतरणारा रस्ता अवघड, मोठा दवाखाना लांब, आणि खरोखरच एखादी गाडी वळणावरून खाली गेली तर पहिला सगळा भार या चार खोल्यांवर पडणार, हे ती वरच्या लोकांना कधीपासून सांगत होती. शेवटी एकदाचा या सरावाला होकार आला. तो बघायला मोठे साहेबही यायचे होते.

रंगीत पट्ट्या शिंपीकाकांच्या दुकानातल्या चिंध्यांतून निघाल्या. लाल, पिवळ्या, हिरव्या भरपूर होत्या. काळं कापड मात्र त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून सिस्टरनं घरची मोडकी छत्री फाडली.

"लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता," ती आठवडाभर सगळ्यांना घोकून घेत होती. "पिवळा थोडा थांबू शकतो. हिरवा आपल्या पायांनी चालत जातो. आणि काळ्यापाशी थांबायचं नाही."

"म्हणजे मेलेला?" केंद्रातल्या मावशींनी विचारलं. झाडलोट, बाळंतिणींची उठबस, सगळं त्याच बघायच्या.

"मेलेला, किंवा आपल्या हातून वाचणार नाही असा. त्याच्यापाशी बसलो तर दुसरे दोघे जातील."

"पण माणूस आहे ना तो, सिस्टर. असं कसं सोडून पुढं जायचं?"

"पाय उचलायचा आणि जायचं."

मावशींना ते जड गेलं. पण सिस्टरनं त्यांच्याकडून आणि स्ट्रेचरवाल्या पोरांकडून इतक्या वेळा करून घेतलं, की काळी पट्टी दिसली की त्यांचे पाय आपोआप वळायला लागले. मग तिनं शेवटची गोष्ट शिकवली. एकदा बांधलेली पट्टी कायमची नसते. दुसऱ्या फेरीत पुन्हा सगळ्यांना बघायचं, काळ्यांनासुद्धा. कुणाचं बिघडतं, कुणी सावरतो. त्याप्रमाणे पट्टी बदलायची, आणि त्यानंतरच माणसं उचलायची.

ऐन वेळी एक माणूस कमी पडला. सिस्टरचा नवरा तेव्हा केंद्राच्या खिडकीची चौकट बसवत होता. गावात त्याला सगळे मिस्त्री म्हणत. लाकडात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता आणि आळसातही नव्हता.

"अहो, जरा खाली या. मला एक काळा पाहिजे."

"मला काय करावं लागेल?"

"काही नाही. नुसतं पडून राहायचं."

"मग योग्य माणूस धरलास," असं म्हणत तो हात झटकून खाली उतरला आणि जांभळाच्या सावलीतली चटई बघून आडवा झाला. सिस्टरनं त्याच्या मनगटावर छत्रीची पट्टी बांधली. नेहमीची तिची सुरगाठ, एक टोक ओढलं की सुटणारी. बाकी प्रत्येकाच्या कानात तिनं त्याचं त्याचं दुखणं सांगितलं. किराणावाल्याला कोपर खरचटल्याचं, शिंपीकाकांना उजवा पाय गुडघ्याखाली मोडल्याचं, शाळेतल्या निवृत्त बाईंना श्वास लागल्याचं. नवऱ्याच्या कानाशी वाकून ती म्हणाली, "डोळे उघडायचे नाहीत. आणि घोरू नका."

सराव झकास झाला. बाईंनी तर असा श्वास लावला, की डॉक्टर खरोखर घाबरून धावले. सिस्टर चटयांमधून फिरली, पट्ट्या बघितल्या, नवऱ्याला ओलांडून पुढे गेली. जाताना त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसलं, तिलाही हसू आलं, पण ती थांबली नाही. दुसऱ्या फेरीची वेळ आली तेव्हा मोठे साहेब घड्याळाकडे बघू लागले. चहा आला होता.

"दुसरी फेरी झाली असं समजू," साहेब म्हणाले. "उचला आता सगळ्यांना."

सिस्टरच्या मनाला ते लागलं. अर्धवट टाकलेलं काम तिला पायातल्या खड्यासारखं बोचायचं. पण साहेबांपुढे काय बोलणार. शिट्टी वाजली, माणसं उचलली गेली, फोटो निघाले, आणि मिस्त्रीला सगळे विसरले. तो उठला तेव्हा चहा संपला होता.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं मनगट पुढं केलं. "ही सोड बाई. माझ्यानं सुटत नाही."

तिनं टोक ओढलं. गाठ हलली नाही. निरखून बघितलं तर ती सुरगाठ नव्हतीच. दुहेरी, चपटी, आवळून बांधलेली गाठ होती. छत्रीचं कापड गुळगुळीत, त्यावर अशी गाठ बसतसुद्धा नाही.

"हे कुणी केलं?"

"कुणी म्हणजे? तूच की. येऊन बसलीस ना माझ्यापाशी."

"मी कुठं बसले? मी तर ओलांडून गेले."

"ते आधी. मग आलीस. नाडी बघितलीस, बराच वेळ. मग पट्टी सोडलीस आणि परत बांधलीस." तो मनगट चोळत म्हणाला, "हात किती गार होते तुझे. मी म्हणणार होतो, आधी चहा घे. पण म्हटलं, मेलेल्यानं बोलू नये."

"डोळे उघडून बघितलंत?"

"तूच म्हणालीस ना, उघडायचे नाहीत."

तिला वाटलं, चेष्टा करतोय. स्वयंपाकघरातली कात्री आणून तिनं पट्टी कापली आणि केराच्या टोपलीत टाकली. त्याच्या मनगटावर लाल वळ उठला होता. त्याला तिनं खोबरेल चोळलं आणि विषय तिथेच सोडला.

दुसऱ्या दिवशी किराणावाला कोपर धरून केंद्रात आला. पोत्याला घासून चांगलंच सोललं होतं. "सिस्टर, तुमच्या तोंडात साखर पडो. काल म्हणालात आणि आज झालं," तो म्हणाला, आणि मलमपट्टी करताना सगळे हसले. सिस्टरही हसली.

मग शिंपीकाका दुकानाची पायरी चुकले. त्यांना खुर्चीवरून उचलून आणलं तेव्हा ते कण्हत होते आणि मध्येच थट्टाही करत होते. सिस्टरनं पँट कापली. उजवा पाय होता, गुडघ्याखाली. नुसत्या बोटांनीच हाड कुठं सरकलंय ते तिला कळलं. कळून हात तसाच राहिला.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. फळी आणते."

त्या दिवसापासून तिचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. बाईंच्या घरावरून जाताना ती मुद्दाम डोकवायची. बाई अंगणात वाचत बसलेल्या असायच्या. "अगं, मी ठणठणीत आहे, किती वेळा विचारशील?" एकदा ती अशीच डोकावली तर पुस्तक जमिनीवर पडलेलं होतं आणि बाई खांबाला धरून उभ्या होत्या. खांदे वरखाली होत होते. सरावात लावला होता तसाच श्वास, अगदी तस्साच, फक्त या वेळी ओठ निळे पडले होते. केंद्रातला ऑक्सिजन लावून त्यांना गाडीत घातलं आणि मोठ्या दवाखान्यात पाठवलं. गाडी वळणाआड गेली तरी सिस्टर रस्त्यातच उभी होती.

आधी हिरवी. मग पिवळी. मग लाल.

डॉक्टर भला माणूस होता, हुशारही होता. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. "सिस्टर, शिंपीकाका त्या पायरीवर रोज अडखळतात. बाईंची छाती जुनीच दुखरी आहे. तुम्ही ज्याला शोभेल ते दुखणं त्याला वाटलंत, इतकंच. तुम्हाला माणसं कळतात म्हणून असं झालं."

"आणि कोपर?"

"दुकानदाराचं कोपर कधी ना कधी घासणारच." मग त्यांनी विचारलं, "मिस्त्रींना काय सांगितलं होतंत?"

"काहीच नाही. काळ्याला कारण लागत नाही."

"मग झालं तर. त्यांना व्हायला काही उरलंच नाही."

डॉक्टर हसले. सिस्टर मात्र त्याच वाक्यापाशी अडकली. पाय सांगितला असता तर तिनं पाय जपला असता. श्वास सांगितला असता तर छाती. नुसता शेवट सांगून ठेवला होता, रस्ता सांगितलाच नव्हता, आणि आता तो कुठूनही येऊ शकत होता.

तिनं त्याची शिडी लपवली. करवतीचं पातं काढून माळ्यावर ठेवलं. जेवताना त्याच्या घशाकडे बघत बसायची. सकाळी रक्तदाब, दुपारी रक्तदाब, घरी आल्यावर परत. विजेच्या बटणाला तो हात लावायला गेला की ही आधी धावायची. तो झोपला की पलंगाच्या कडेला बसून त्याच्या छातीकडे बघायची, आणि त्यानं कूस बदलली की हिचा जीव भांड्यात पडायचा.

"अगं, मी मेलो तर तुझ्या या काळजीनंच मरेन," तो एकदा वैतागून म्हणाला. तिचा चेहरा बघितला आणि जवळ येऊन बसला. "बरं, नाही मरत. शिडी कुठंय ते सांग. शाळेचं छप्पर राहिलंय."

"शाळेला दुसरा मिस्त्री बघू दे."

"दुसरा आहे कुठं गावात?"

ती रडली. एवढ्या वर्षांत आजारी माणसांपुढे ती कधी रडली नव्हती, आणि या माणसाला तर काहीसुद्धा झालेलं नव्हतं. त्याला काय करावं कळेना. तो तिच्या पाठीवर हात फिरवत राहिला, आणि त्याचा तो खरखरीत, गरम हात पाठीवर असेपर्यंतच तिला बरं वाटलं.

पुढे भांडी घासता घासता तिला ते सुचलं. पट्टी एकदा बांधली म्हणजे कायमची नव्हे. ती बदलायची वेळ असते, दुसरी फेरी, आणि नेमकी तीच राहिली होती. तिनं हातातलं भांडं तसंच ठेवलं आणि ओल्या हातानंच डॉक्टरांकडे गेली. सराव अपुरा झाला, पुन्हा घ्यायला हवा, जिथं थांबला तिथून, त्याच माणसांना त्याच पट्ट्या बांधून. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे खोल गेले होते. "घेऊ," ते म्हणाले. "तुम्हाला झोप लागणार असेल तर नक्की घेऊ."

या वेळी साहेब नव्हते, फोटो नव्हते. बाई मोठ्या दवाखान्यात होत्या, जिवावरचं संकट टळलं होतं, म्हणून त्यांच्या चटईवर त्यांची शाल ठेवली. शिंपीकाका प्लास्टरसकट खुर्चीत बसून आले. "मला हिरवी दे गं बाई," ते म्हणाले. "पिवळी बाधली मला." मिस्त्री जांभळाखाली आडवा झाला. सिस्टरनं छत्रीच्या उरलेल्या कापडाची काळी पट्टी त्याला इतक्या घाईनं बांधली, की तो डोळे न उघडताच म्हणाला, "सावकाश."

मग तिनं दुसरी फेरी सुरू केली. शालीची पट्टी लाल होती, तिथं हिरवी ठेवली. काकांची हिरवी केली. किराणावाल्याची नीट बघितली आणि तशीच ठेवली. नवऱ्यापाशी येऊन बसली, नाडी बघितली. ठणठणीत, एका लयीत चाललेली. सुरगाठीचं टोक ओढलं, काळी सोडली, हिरवी बांधली.

"हिरव्यांनी बाकावर जाऊन बसायचं," ती म्हणाली. तिला मोठ्यांदा हसावंसं वाटत होतं. तो कुरकुरत उठला आणि शिंपीकाकांच्या खुर्चीशेजारी, सावलीत सरळ मांडलेल्या बाकावर जाऊन बसला.

"एक तरी काळी हवी, सिस्टर," डॉक्टर लांबून म्हणाले. "नाहीतर पोरं पुढं जायचं विसरतील."

तिच्या हातात काळी पट्टी होतीच. ती कुठंतरी जायलाच हवी, हे तिला मनातून माहीत होतं. तिनं शिट्टी मावशींकडे दिली, पट्टी स्वतःच्या मनगटावर बांधली, दातांनी टोक ओढून घट्ट केली, आणि नवऱ्याच्या चटईवर पडली. चटई अजून कोमट होती. तिनं डोळे मिटले.

काही झालं तरी उघडायचे नाहीत. उघडले तर हे सगळं वाया जाईल, असं तिला वाटलं.

पानं सळसळत होती. कुणीतरी खोकलं. मावशी पोरांना हळू आवाजात काही बजावत होत्या. मग बाकाच्या बाजूला पावलं वाजली. रबरी तळव्यांच्या चपलांची, तिच्या ओळखीची चाल.

"पुन्हा आलात, सिस्टर?" शिंपीकाकांचा आवाज. "बघा, बघा. हिरवीच आहे."

सिस्टर जिथं होती तिथंच पडून राहिली. तिच्या पायांत चपला होत्या. रबरी तळव्यांच्या. आणि पाय हलले नव्हते.

पावलं चटयांमधून येऊ लागली. मध्येच थांबायची, पुन्हा निघायची. कुठं घाई नाही, कुठं टाळाटाळ नाही. कुणाकडून तरी नीट शिकून घेतलेली फेरी.

पावलं तिच्यापाशी थांबली.

कुणीतरी बसलं. कपडे सळसळले. साबणाचा वास आला, केंद्रातल्या साबणाचा. मग मनगटावर गार बोटं टेकली आणि तिथंच राहिली, बराच वेळ, नाडी मोजत.

मी काळी आहे, ती मनात म्हणत होती. मलाच राहू दे. मलाच राहू दे.

बोटं पट्टीकडे सरकली. तिनं मूठ आवळली. लहान मुलं टोचून घेताना आवळतात तशी. त्या बोटांनी तिची मूठ उघडली, जोर न लावता, एकेक बोट हळूच उलगडून. ती स्वतः मुलांची उघडते तशीच.

पट्टी सुटली. दुसरी बसली. गाठ दुहेरी पडली आणि आवळली गेली.

पावलं बाकाकडे परत गेली.

"अगं, आता परत काळी?" तिच्या नवऱ्याचा आवाज. हसरा. "एकदा काय ते ठरव तरी. बरं बाई, पडतो मी आपला. मला जमतं ते."

तिनं डोळे उघडले. शिट्टी वाजली.

"उठा सिस्टर," मावशी तिच्यापुढे उभ्या होत्या. "हिरव्यांनी आपल्या पायांनी चालायचं ना?"

तिच्या मनगटावर हिरवी पट्टी होती. मावशींच्या मागून माणसं उठत होती, चटया झटकत होती. पोरांनी शिंपीकाकांची खुर्ची उचलली. बाकावर तिचा नवरा आडवा झाला होता, हात छातीवर. त्याच्याजवळ आलेला प्रत्येक जण त्याच्या मनगटाकडे बघत होता आणि शिकवल्याप्रमाणे पाय उचलून पुढे जात होता. कुणी अडखळलं नाही. कुणी वळून बघितलं नाही.

ती मावशींना ढकलून धावली. खुर्चीला धडकली, काका ओरडले. ती बाकापाशी गुडघ्यांवर पडली आणि त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"पुन्हा?" तो डोळे न उघडताच पुटपुटला. "आत्ताच तर बघितलीस." आणि मग, अगदी हळू, "आता कसे गरम आहेत हात."

तिनं बोटं नाडीवर ठेवली. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू तसंच होतं. तिनं बोटं थोडी सरकवली, मग आणखी थोडी, आणि शोधत राहिली.